वास्तूचा वर्धापनदिन आणि गल्लीतले वादक

संमेलनांच्या आणि महोत्सवांच्या कार्यक्रमपत्रिकांत ‘स्थानिक कलावंत’ हे दोन शब्द कोठे छापलेले असतात, हे एकदा तपासून पाहावे. बहुधा ते पहिल्या सत्राच्या आरंभी असतात. मांडव अर्धा रिकामा असतो, ध्वनिक्षेपकाची जुळवाजुळव चाललेली असते आणि प्रमुख पाहुणे अद्याप वाटेत असतात. साहित्य संमेलनातही याच न्यायाने गावच्या कवीची सोय कविकट्ट्यावर होते आणि निमंत्रितांचे कविसंमेलन मुख्य मंडपात भरते. ‘स्थानिक’ या विशेषणात वस्तुतः स्थळाचा निर्देश तेवढा आहे. व्यवहारात मात्र त्याला दर्जाचा, आणि तोही उतरत्या दर्जाचा, अर्थ चिकटला आहे.

हा अर्थ सर्वस्वी उलटा करून दाखवणारी एक वास्तू अमेरिकेत न्यू ऑर्लिअन्स शहरी आहे. तिचे नाव प्रिझर्व्हेशन हॉल. मराठीत ‘जतनगृह’ म्हणता येईल. १९६१ साली ती सुरू झाली, २०११-१२ मध्ये तिची पन्नास वर्षे साजरी झाली आणि २०२१ मध्ये साठ. जॅझ संगीताची कीर्तिमान स्थाने न्यूयॉर्कला आहेत, लंडनलाही आहेत. तेथे बाहेरचे नामवंत येऊन वाजवतात आणि त्यांच्या नावावर ती स्थाने चालतात. प्रिझर्व्हेशन हॉलचा बाणा वेगळा आहे. तेथे गावचे लोक वाजवतात आणि त्यांना ऐकण्यासाठी जग गावात येते. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने या वास्तूच्या वर्धापनदिनांकडे लक्ष द्यावे याला कारण आहे. मार्ग आणि देशी, अभिजात आणि लौकिक, अशा जोड्यांच्या निमित्ताने ज्या प्रश्नाशी तो ग्रंथांत झगडत असतो, तोच प्रश्न तेथे विटामातीच्या रूपाने उभा आहे.

सेंट पीटर रस्त्यावरील ७२६ क्रमांकाचे हे घर. १९५० च्या दशकात तेथे लॅरी बोरेन्स्टाइन नावाच्या चित्रविक्रेत्याचे दालन होते. दुकान सोडून रात्री वादन ऐकायला जाता येत नाही, म्हणून त्याने वृद्ध वादकांनाच दुकानात बोलावण्यास आरंभ केला. पुढे काही रसिकांनी या बैठकांना नियमित रूप दिले, आणि १९६१ मध्येच फिलाडेल्फियाहून आलेल्या अ‍ॅलन आणि सँड्रा जॅफी या तरुण दांपत्याने तो कारभार अंगावर घेतला. त्याला क्लब म्हणावे काय, अशी शंका येते. तेथे मद्य मिळत नसे, खाद्यपदार्थही नाहीत. बसायला काही बाकडी, पुढे जमिनीवर उशा, आणि मागे दाटीवाटीने उभे राहण्याची जागा. शंभरएक माणसांनी खोली भरून जाते. भिंती जुनाट, काळवंडलेल्या. फर्माइशीचे दर एका फलकावर लिहिलेले असत: पारंपरिक चिजेला एक डॉलर, इतर चिजेला दोन, आणि पर्यटक जिची मागणी हटकून करीत त्या ‘सेंट्स’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिरवणूक-गीताला पाच. एकच चीज रोज रात्री वाजवावी लागण्याचा कंटाळा आणि त्या कंटाळ्यातून काढलेला विनोद, या दोहोंची ही पाटी म्हणजे साक्षच होय.

या खोलीत वाजवणारे कोण होते? क्लॅरिनेटवादक जॉर्ज लुइस यांनी आयुष्याचा मोठा भाग गोदीत हमाली करून काढला होता. ट्रम्पेट वाजवणारे डीडी पिअर्स अंध होते. पियानोवर त्यांची पत्नी बिली बसे. विली आणि पर्सी हम्फ्री हे बंधू, नदीपलीकडच्या अल्जिअर्स वस्तीतले किड टॉमस व्हॅलेन्टाइन, पियानोवादिका स्वीट एमा बॅरेट, ही सारी मंडळी तेव्हा पन्नाशी-साठी ओलांडलेली किंवा त्या उंबरठ्यावरची होती. रॉक अँड रोलच्या लाटेत त्यांचे संगीत जुने ठरले होते आणि नृत्यगृहांतील कामे आटली होती. स्वीट एमा यांना १९६७ मध्ये पक्षाघात झाला. त्यानंतरही १९८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या एका हाताने पियानो वाजवीत राहिल्या. हॉलने या मंडळींना सन्मान दिला असे म्हटले जाते, आणि ते खरेच आहे. परंतु सन्मानाच्या आधी त्याने एक साधी गोष्ट दिली, ती म्हणजे रात्रीची मजुरी. ‘जतन’ या शब्दाभोवती जमा झालेले सर्व गांभीर्य बाजूला सारले तर खाली हाच व्यवहार उरतो. वादकाला आज रात्री काम आहे, उद्याही आहे, आणि ते त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

त्या काळी हे घडवून आणणे सोपे नव्हते. लुइझियाना राज्याने १९५६ मध्ये श्वेत आणि कृष्णवर्णीय यांना एकत्र कार्यक्रम करण्यास मनाई करणारा कायदा केला होता. परिणामी शहराचा सर्वांत विख्यात पुत्र लुई आर्मस्ट्राँग यांनी आपल्याच गावात वाजवण्याचे नाकारले आणि १९६५ पर्यंत ते तेथे वाजवायला आले नाहीत. जगातील शेकडो नगरांत ज्याचे स्वागत झाले तो कलावंत स्वतःच्या जन्मगावी नऊ वर्षे ‘स्थानिक’ होऊ शकला नाही, ही गोष्ट त्या शब्दाचा विचार करताना विसरून चालणार नाही. अशा दिवसांत प्रिझर्व्हेशन हॉलच्या बाकड्यांवर दोन्ही वर्णांचे श्रोते शेजारी बसत. या गुन्ह्यासाठी सँड्रा जॅफी यांना वादकांसह अटकही झाली होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर हे प्रकार थांबले.

तरीही हॉलच्या इतिहासाकडे केवळ कौतुकाने पाहता येत नाही. जतन करणारा बहुधा बाहेरचा असतो, आणि काय जतन करावयाचे हे ठरवण्याचा अधिकार तो नकळत स्वतःकडे घेतो. १९४० च्या दशकात विल्यम रसेल आणि इतर संग्राहकांनी लुइझियानातल्या न्यू आयबेरिया या छोट्या गावातून बंक जॉन्सन यांना शोधून काढले, त्यांना नवी कवळी आणि नवा ट्रम्पेट मिळवून दिला आणि १९४२ पासून त्यांचे ध्वनिमुद्रण केले. या प्रकरणात करुणा आहे, कृतज्ञता आहे, आणि एक हट्टही आहे. संग्राहकांना जॅझचे आद्य, निर्भेळ रूप हवे होते. वादकाला मात्र आजच्या श्रोत्यांना आवडणारी नवी धूनही वाजवायची असे. त्याने सॅक्सोफोन घेतला की संग्राहकाच्या कपाळाला आठी पडे. भारतीय लोकसाहित्याच्या संकलनाचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला ही आठी अनोळखी वाटणार नाही. जात्यावरच्या ओवीत आगगाडी आली, शाहिराच्या कवनात सिनेमाची चाल शिरली, की तो पाठ ‘भ्रष्ट’ म्हणून बाजूला ठेवणारे संकलक आपल्याकडेही होऊन गेले. जिचे जतन करायचे तिची वाढ थांबवायची, हा जतनाचा जुना रोग आहे आणि प्रिझर्व्हेशन हॉल त्यापासून आरंभी मुक्त नव्हता. एक गोष्ट मात्र जॅफी यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. अ‍ॅलन जॅफी केवळ व्यवस्थापक राहिले नाहीत. ट्यूबा खांद्यावर घेऊन ते रस्त्यावरच्या मिरवणुकांत वादकांबरोबर चालले. संग्राहक रस्त्यावर उतरतो तेव्हा त्याच्या कानांत फरक पडतो.

आणि रस्ता हाच या विषयाचा खरा गाभा आहे. हॉलमध्ये बसणारे वादक हॉलमध्ये तयार झाले नव्हते. विली आणि पर्सी हम्फ्री यांचे आजोबा जेम्स हम्फ्री हे ‘प्रोफेसर’ म्हणून ओळखले जात; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते उसाच्या मळ्यांच्या गावांतून फिरून मजुरांच्या मुलांना स्वरलिपी आणि पितळी वाद्ये शिकवीत. त्या मुलांना वाजवायला जागा कोठली? ती दिली परस्परसाहाय्यक मंडळांनी. कृष्णवर्णीयांना विमा मिळत नसे, रुग्णालयांची दारे अर्धी बंद असत. म्हणून वस्तीवस्तीत वर्गणी काढून मंडळे स्थापन झाली. सभासद आजारी पडला तर औषध, मेला तर दफन आणि दफनाला बँड, असा त्यांचा नियम. ‘यंग मेन ऑलिम्पियन’ हे मंडळ १८८४ सालचे आहे. याच मंडळांच्या परंपरेतून पुढे ‘सोशल एड अँड प्लेझर क्लब’ नावाच्या संस्था निघाल्या. साहाय्य आणि आनंद हे दोन्ही शब्द एकाच पाटीवर लिहिण्यात त्यांना विसंगती वाटली नाही.

जॅझच्या संदर्भात ‘क्लब’ म्हटले की डोळ्यांसमोर तळघर, धूर आणि पेले येतात. न्यू ऑर्लिअन्सच्या गल्लीत क्लबचा अर्थ हा दुसरा आहे, आणि तो अधिक जुना आहे. या क्लबांचा वर्धापनदिन प्रतिवर्षी रविवारी रस्त्यावर साजरा होतो. क्लबाचे सभासद एकसारखे रंगीत पोशाख, पट्टे आणि पिसांचे पंखे घेऊन पुढे निघतात. त्यांच्यासोबत भाड्याने ठरवलेला वस्तीतलाच पितळी वाद्यांचा बँड असतो. ही झाली पहिली ओळ. तिच्या मागे जे कोणी नाचत सामील होतात ती ‘सेकंड लाइन’, म्हणजे दुसरी ओळ. तिला निमंत्रण लागत नाही. मिरवणूक सुमारे चार तास चालते, ठरलेल्या घरांपुढे आणि दुकानांपुढे थांबते, दिवंगत सभासदाच्या दारापुढे चाल बदलते. चार तास चालत फुंकण्याचा दम, ओळीतल्या माणसांच्या पायांवर नजर ठेवून ताल हलका-जड करण्याची समज, आणि दहा वर्षांच्या पोराने झांजा घेऊन मागोमाग चालता चालता शिकण्याची संधी, हे सर्व येथे एकाच वेळी घडते. हॉलमधील बाकड्यावर बसलेला पर्यटक जे ऐकतो ते या चालण्याचे बसून केलेले रूप आहे.

मराठी संगीतव्यवहारात उत्सवाचे निमित्त बहुधा पुण्यतिथीचे असते. सवाई गंधर्व १९५२ मध्ये निवर्तले आणि १९५३ पासून पुण्यात त्यांच्या नावाने सुरू झालेला महोत्सव आजही भरतो. तेथे स्मरण व्यक्तीचे आहे, गुरूचे आहे, आणि म्हणून शिष्यपरंपरा हा त्या उत्सवाचा कणा आहे. न्यू ऑर्लिअन्सच्या क्लबाचा वर्धापनदिन हे समूहाचे स्मरण आहे. मेलेल्यांना त्यात जागा आहे. मुख्य घोषणा मात्र अशी असते की आणखी एक वर्ष आम्ही या गल्लीत टिकलो. टिकणे ही तेथे गृहीत धरण्याची गोष्ट नाही.

ती का नाही, हे पाहण्यासाठी प्रिझर्व्हेशन हॉलच्या पहिल्या दशकात त्याच शहरात काय चालले होते ते पाहावे. हॉलमध्ये जुने जॅझ जतन होऊ लागले १९६१ मध्ये. १९६४ मध्ये लुई आर्मस्ट्राँग यांचे जन्मघर पाडण्यात आले. हॉलपासून थोड्याच अंतरावर असलेली ट्रेमे ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक. तिचा मुख्य मार्ग म्हणजे क्लेबोर्न अ‍ॅव्हेन्यू; दुतर्फा दुकाने, मध्ये ओकच्या रांगा, आणि सणासुदीला त्या झाडांखाली जमणारी कुटुंबे. १९६६ मध्ये ते ओक तोडले गेले आणि त्यांच्या जागी खांबांवरून जाणारा राजमार्ग उभा राहिला. वस्तीतील कित्येक चौकांची घरे त्याच सुमारास सांस्कृतिक केंद्रासाठी म्हणून पाडली गेली. मोकळ्या झालेल्या त्या जागेत १९८० मध्ये उद्यान झाले आणि त्याला नाव दिले गेले लुई आर्मस्ट्राँग यांचे. जन्मघर गेले आणि नावाचे उद्यान आले, या एका व्यवहारात आधुनिक नगरांची सांस्कृतिक नीती जितकी स्पष्ट दिसते तितकी ती कोणत्याही अहवालात दिसणार नाही. एका रस्त्यावर संगीत जतन होत होते आणि दुसऱ्या रस्त्यावर ते जेथून येते ती जागा खणून काढली जात होती. जॅफी दांपत्याचा यात दोष नव्हता. परंतु हॉलचा वर्धापनदिन साजरा करताना दुसऱ्या रस्त्याचा हिशेब सोडून देणे म्हणजे अर्धीच वही वाचणे होय.

हा हिशेब मुंबई-गोव्यालाही लागू पडतो, आणि तो केवळ उपमेचा नव्हे. टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक किशोरवयात न्यू ऑर्लिअन्सला राहून तेथे पियानो शिकला, शिकागोला गेला, तेथून १९२६ मध्ये आशियात आला, १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीने वारला. अशा आफ्रिकी-अमेरिकी वादकांच्या सहवासात मुंबईतील गोमंतकीय वादकांनी जॅझ आत्मसात केले. ते इतक्या लवकर करू शकले, कारण पाया आधीच घातलेला होता. पोर्तुगीज काळात गोव्याच्या गावोगावी चर्चच्या शाळेत ‘मेस्त’ मुलांना स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकवीत असत. मळ्यांतून फिरणारे प्रोफेसर हम्फ्री आणि गोव्याचे हे मेस्त यांची गाठ कधी पडली नाही, पण दोघांनी घडवलेले विद्यार्थी एकमेकांची भाषा न शिकताच जाणत होते.

मुंबईला आल्यावर या मंडळींचे घर म्हणजे धोबीतलाव परिसरातील कूड. प्रत्येक गावाची आपली कूड. ओळीने ठेवलेल्या पेट्या, एका भिंतीला वेदी, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, आणि नोकरी नसलेल्या गाववाल्याला पडवी. इंग्रजीत त्यांना क्लबच म्हणत. साहाय्य आणि आनंद यांची तीच जोडी येथेही होती. याच जगातून आल्दोना गावचे आंतोनिओ झेवियर वाझ, म्हणजेच ‘चिक चॉकलेट’, ट्रम्पेट घेऊन वर आले. सी. रामचंद्र यांच्या संगीताने गाजलेल्या १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात त्यांचा वाद्यवृंद पडद्यावर दिसतो. इतर बहुतेकांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. मुंबई राज्याच्या दारूबंदीमुळे नृत्यगृहांचे उत्पन्न आटले, वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत गेले, आणि तेथे त्यांनी लिहिलेले वाद्यमेळ देशभर वाजले. नामावलीत मात्र त्यांची नावे क्वचितच झळकली. व्हायोलिनवादक आणि वाद्यमेळ-रचनाकार अँथनी गोन्साल्व्हिस यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी एका गाण्यातून वाहिलेल्या गुरुवंदनेच्या रूपाने, आणि ते गाणे गुणगुणणाऱ्या कोट्यवधींना हा खराखुरा माणूस आहे याची कल्पनाही नव्हती. स्थानिक कलावंत नाव गमावून सर्वदेशीय होतो तो असा.

१९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला तेव्हा सॉनी रोलिन्स यांच्यासारखा श्रेष्ठ सॅक्सोफोनवादक तेथे आला. स्थळ होते धोबीतलावचे रंगभवन, म्हणजे कुडींपासून हाकेच्या अंतरावर. तो महोत्सव मोठा होता, त्याचे आयोजक निष्ठावंत होते. तरी एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. बाहेरचे जॅझ मुंबईला आले त्या वर्षी मुंबईचे स्वतःचे जॅझ चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात मुरून गेले होते, आणि त्याचे जतन करणारी सेंट पीटर रस्त्यावरच्यासारखी एखादी खोली शहरात उभी राहिली नाही. पुढे रंगभवनही शांतता-क्षेत्राच्या नियमांत सापडले आणि तेथील मैफली थांबल्या.

देशी या शब्दाचा उगम विसरल्यामुळे मराठी समीक्षेत बराच गोंधळ माजला आहे. भालचंद्र नेमाडे यांनी १९८० च्या दशकात देशीवादाची मांडणी केल्यापासून हा शब्द साहित्यात प्रामुख्याने मूळ, परंपरा, भूमी या अर्थच्छटांनी वापरला जातो. संगीतशास्त्रात तो पूर्वीचा आहे. मतंगाच्या ‘बृहद्देशी’ने तो ग्रंथाच्या नावातच धारण केला, तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला तेव्हा मार्ग आणि देशी हा भेद त्याने मांडला. त्या विचारात मार्ग हे नियमांनी बांधलेले, आणि देशी म्हणजे निरनिराळ्या प्रदेशांतील लोकांच्या मनाला रुची देणारे. येथे शुद्धतेची अट नाही, प्राचीनतेचीही नाही. अट एवढीच की ते कोठेतरी, कोणातरी लोकांना, आज आवडत असले पाहिजे. शार्ङ्गदेव स्वतः काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या कुटुंबातला होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. या जुन्या अर्थाने पाहिले तर ट्रेमेच्या रविवारच्या मिरवणुकीत वाजणारे, आफ्रिकी ताल, फ्रेंच लष्करी बँड आणि क्यूबाची लय पोटात घेतलेले संगीत पूर्णपणे देशी ठरते. आणि संग्राहकाने गोठवून ठेवलेले जॅझ, कितीही जुने असले तरी, मार्गाकडे सरकलेले असते. देशीपणाचा पुरावा मूळ शोधून मिळत नाही. वस्ती आणि वापर हाच तो पुरावा होय. वस्ती उठली की देशी उठते, मग ग्रंथालयात तिच्या ध्वनिमुद्रिका कितीही असोत.

२००५ च्या २९ ऑगस्टला कॅटरीना वादळ आले आणि बांध फुटून शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. फ्रेंच क्वार्टर उंचावर असल्याने हॉलची वास्तू वाचली. वादक मात्र वाचलेल्या वास्तूत राहत नव्हते. ते बुडालेल्या वस्त्यांत राहत होते आणि ह्यूस्टनपासून अटलांटापर्यंत पांगले गेले. हॉल महिनोन्‌महिने बंद राहिला, तो इमारत पडली म्हणून नव्हे, तर गाव गेले म्हणून. अ‍ॅलन यांचे पुत्र बेन जॅफी यांनी वादकांसाठी मदतनिधी उभारला. ब्रॅनफर्ड मार्सालिस आणि हॅरी कॉनिक धाकटे या दोन संगीतकारांच्या कल्पनेतून नवव्या प्रभागात ७२ घरांची ‘संगीतकारांची वाडी’ उभी राहिली. २००६ मध्ये हॉलच्या वाद्यवृंदाला अमेरिकेचे राष्ट्रीय कलापदक मिळाले.

आणि याच काळात शहराने क्लबांच्या वार्षिक मिरवणुकांवरील पोलीस बंदोबस्ताचे शुल्क कित्येक पटींनी वाढवले. घरांची छपरे नसलेल्या माणसांनी वर्धापनदिन साजरा करण्यासाठी हजारो डॉलर भरावेत, अशी अपेक्षा होती. क्लबांनी संघीय न्यायालयात दाद मागितली. २००७ मध्ये तडजोड होऊन शुल्क खाली आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ट्रेमे वस्तीत एका दिवंगत ट्यूबावादकाच्या स्मरणार्थ निघालेली मिरवणूक पोलिसांनी अडवली आणि परवान्याशिवाय वाजवल्याबद्दल दोन वादकांना अटक केली. पर्यटनाच्या जाहिरातीत ज्या दृश्याचे चित्र छापावे त्याच दृश्याला रस्त्यावर बेड्या घालाव्यात, हे विरोधाभासाचे उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकात घालण्याच्या योग्यतेचे आहे.

हॉलची पन्नास वर्षे साजरी झाली तेव्हा मुख्य मैफल ७ जानेवारी २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झाली, आणि अनेक प्रांतांचे, अनेक शैलींचे नामवंत पाहुणे तीत सहभागी झाले. ती मैफल गोड झाली असेल. तिचे ध्वनिमुद्रणही प्रसिद्ध आहे. परंतु सेंट पीटर रस्त्याचा सोहळा सत्तावन्नाव्या रस्त्यावर करण्यात एक कबुली दडलेली आहे: गावचा वादक मोठा ठरायचा तर त्याला राजधानीच्या मंचावर, पाहुण्यांच्या मध्ये उभे करावे लागते. म्हणजे पुन्हा तीच कार्यक्रमपत्रिका, फक्त चकचकीत कागदावर छापलेली. त्यापेक्षा २०१३ मध्ये त्याच वाद्यवृंदाने काढलेला ‘दॅट्स इट’ हा संच अधिक अर्थपूर्ण मानावा लागेल. पन्नास वर्षांत प्रथमच त्यांनी संपूर्णपणे स्वतःच्या नव्या रचनांचा संच सिद्ध केला. जतन करणाऱ्या घराने नवे लिहिण्याचा हक्क बजावला, आणि हा त्या वर्धापनदिनाचा सर्वांत उशिरा आलेला पण सर्वांत अस्सल भाग म्हटला पाहिजे.

साठाव्या वर्षी कार्नेगी हॉल नव्हता. महामारीमुळे मार्च २०२० मध्ये दारे बंद झाली होती आणि वृद्ध वादक घरात अडकले होते. शहराचे थोर पियानोवादक आणि शिक्षक एलिस मार्सालिस त्याच वर्षी १ एप्रिलला गेले. हॉलच्या न्यासाने वादकांसाठी पुन्हा निधी गोळा केला. जून २०२१ मध्ये दारे उघडली तेव्हा खोली तीच होती, वादक गावचेच होते, आणि त्या वर्षाचा उत्सव म्हणजे रात्रीची मजुरी पुन्हा सुरू होणे एवढाच होता. वर्षअखेरीस, डिसेंबरात, सँड्रा जॅफी वारल्या.

क्लेबोर्न अ‍ॅव्हेन्यूवरील तो राजमार्ग अजून उभा आहे. तो पाडावा की नाही यावर शहरात वर्षानुवर्षे वाद चालू आहे. काही खांबांवर चित्रकारांनी तोडलेल्या ओक वृक्षांची चित्रे काढली आहेत. रविवारची मिरवणूक त्या बाजूने निघाली की खाली येऊन थांबते, कारण डोक्यावरच्या काँक्रीटमुळे पितळी वाद्यांचा नाद तेथे दुपटीने घुमतो. ट्यूबावाला खांबाकडे तोंड करून उभा राहतो, झांजा घेतलेली मुले पुढे सरकतात, आणि वरून मोटारी जात असतात.